कागदाचे कपटे आणि आईचे तेल

मित्रांनो, मी एक जुना काळा कंगवा आहे. माझे तीन दात पडले आहेत. हसू नका, तुमचेही कधीतरी पडणारच आहेत.

साच्यातून निघालो आणि एका शिवणकाम करणाऱ्या आईच्या घरी आलो. तिच्या लेकीला सगळे चिमणी म्हणत. माझ्या अंगी एक कला होती. कोरड्या केसांतून भराभर फिरवले की त्या घासाघाशीत केसांतले अगदी सूक्ष्म विद्युतकण माझ्याकडे येत. ती वीज कुठे वाहत नाही, अंगावरच बसून राहते, म्हणून तिला स्थिर वीज म्हणतात. मग कागदाचे कपटे टुणकन उडी मारून मला येऊन चिकटत.

नव्या शाळेत चिमणी तोंडच उघडत नसे. मोठ्या धीराने तिने हा प्रयोग वर्गात दाखवायचे कबूल केले. पण त्या सकाळी आई म्हणाली, "चारचौघांत उभी राहणार माझी पोर, झिपऱ्या नकोत!" आणि तिने मायेने तेल चोपडले. मीही न्हाऊन निघालो.

वर्गात चिमणीने मला केसांतून फिरवून फिरवून हात दुखवून घेतले. कपटे ढिम्म हलेनात. मागच्या बाकावरची एक झिपरी मुलगी खो खो हसली आणि वर्ग हसला. चिमणीचे डोळे भरले. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

मग तिने मला निरखून पाहिले. "बाई, कंगव्याला तेल लागलंय. धुऊन आणू?"

साबणाने धुऊन, खडखडीत पुसून ती थेट त्या झिपरीकडे गेली. "तुझे केस दे."

"उपटू नकोस हं!"

तडतड आवाज झाला, झिपरीचे केस ताठ उभे राहिले आणि कपटे माझ्यावर झेपावले. त्या दिवशी दोघी बरोबर घरी गेल्या.

"उचलले का गं कागद?" आईने मशीनवरूनच विचारले.

"सगळे उचलले."

"बघ! नीट विंचरून गेलं की सगळं नीट होतं."

चिमणीने तेलाचा विषय न काढता मला आईच्या हातात ठेवले.

पुढे घरात नवे ब्रश आले आणि मी मशीनच्या खणात बटणांखाली पडून राहिलो. कोणी नावही काढले नाही. फार वाईट वाटायचे. परवा मात्र चिमणीने मला शोधून काढले. आईचे हात आता थरथरतात, म्हणून तीच आईला विंचरायला बसली. केस पांढरे, कोरडे. तडतड झाली आणि ते माझ्यामागे उठून आले.

"थांब, तेल आणते."

"नको," आई म्हणाली. "त्या दिवशी तेलानेच घोटाळा केला ना?"

"तुला कोणी सांगितलं?"

"तेलकट गेलेला कंगवा साबणाने धुऊन आला होता. मला कळत नाही होय? आता दाखव ते कागद. मी कुठे पाहिलेत?"

चिमणीने कपटे केले. मी जीव ओतून ते सगळे उचलले. आई लहान मुलीसारखी हसली आणि चिमणी रडली.

मित्रांनो, जुनी वस्तू टाकण्याआधी एकदा धुऊन, पुसून पाहा. आणि ज्यांनी तुमचे केस विंचरले, त्यांच्यामागे कधीतरी कंगवा घेऊन बसा. माझे उरलेले दात अजून घट्ट आहेत.