आठ जणी, चार गाद्या

मावशी शिवणकारखान्यात काजं करायच्या. कारखान्यानं दिलेल्या त्यांच्या खोलीत आठ बायका राहायच्या आणि गाद्या होत्या चारच. चौघी दिवसपाळीला गेल्या की रात्रपाळीच्या चौघी त्याच गाद्यांवर आडव्या व्हायच्या. गादी गार पडायला सवडच मिळायची नाही. मावशी वयानं सगळ्यांत मोठ्या, त्यामुळे खोलीत त्यांचाच शब्द चालायचा.

बोटांच्या बेचक्यांत खाज सुटली तेव्हा मावशींनी खापर कापडाच्या धुळीवर फोडलं. मग खाज मनगटांवर चढली, कमरेवर उतरली. त्या दोन वेळा आंघोळ करू लागल्या, दगडानं अंग घासघासून लालेलाल करू लागल्या. काही उपयोग झाला नाही. हळूहळू सगळ्याच कराकरा खाजवायला लागल्या आणि एकमेकींकडे संशयानं बघायला लागल्या.

इस्त्रीवाली पोरगी नुकतीच राहायला आली होती. तिला मात्र खाज नव्हती.

"बघा, हिनंच आणून आपल्याला वाटली आणि स्वतः नामानिराळी," कुणीतरी म्हणालं.

आपली खाज ही पोरगी येण्याच्या कितीतरी आधीची आहे, हे मावशींना पक्कं ठाऊक होतं. तरी त्या गप्प बसल्या. वर स्वतःच्या हातानं तिची वळकटी उचलून जिन्याखाली नेऊन ठेवली. पोरगी एवढंच म्हणाली, "बरं मावशी."

त्या आठवड्यात खाजवण्याच्या नादात मावशींचा हात हलला आणि आठ सदऱ्यांची काजं वाकडी पडली. मुकादमानं त्यांना थेट दवाखान्यात पिटाळलं.

डॉक्टरीणबाईंनी बोटांच्या बेचक्यांत भिंग धरलं आणि भलतेच प्रश्न सुरू केले. खोलीत किती जणी? एका गादीवर किती? पाणी किती वेळ येतं?

"बाई, मी रोज दोनदा आंघोळ करते हो," मावशी रडवेल्या झाल्या.

"म्हणून काय झालं? ही खरूज. बारीक किडा कातडीत बीळ करून राहतो. अंगाला अंग लागलं की पसरतो. राजवाड्यातली माणसं अशी दाटीनं झोपली, तर त्यांनाही होईल. पहिल्यांदा कुणाला सुटली?"

"मला. दीड महिना झाला."

"आणि सगळ्यांत नवी कोण?"

"इस्त्रीवाली. बारा दिवस झाले. तिला खाज नाही."

"पहिल्या लागणीत खाज सुटायला महिनाही लागतो. तिनं आणलेली नाही. झालंच तर तुमच्याकडून तिला गेली असेल. मलम आठही जणींनी एकाच दिवशी लावायचं, आठवड्यानं पुन्हा. खाज लगेच थांबली नाही तरी घाबरायचं नाही."

मावशींच्या छातीवरचं ओझं उतरलं, पण तोंड कसं दाखवायचं हा घोर लागला. खोलीवर जाण्याआधी त्या जिन्याखाली गेल्या.

"चल वर. माझी खाज तू येण्याच्या आधीची आहे. मला माहीत होतं, तरी तुझ्यावर ढकललं. चुकलं माझं."

पोरगी म्हणाली, "ते सगळ्यांसमोर सांगाल?"

मावशींनी वर जाऊन सगळ्यांसमोर सांगितलं. मग एकीनं पुढे होऊन वळकटी वर आणली.

सुट्टीच्या दिवशी खोलीचा नुसता कारखाना झाला. पिंपभर पाणी उकळलं, चादरी आणि कपडे त्यात बुचकळले. दार लावून आठही जणींनी गळ्यापासून पायाच्या नखांपर्यंत मलम चोपडलं. पाठीला हात पोचेना, म्हणून एकमेकींना लावून दिलं.

"कालवणात घोळल्यासारख्या दिसतोय!" कुणीतरी म्हणालं आणि मावशी किती दिवसांनी खळखळून हसल्या.

डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी वाचून मुकादमानं कुरकुर केली, पण दोन गाद्या आणखी दिल्या. सगळ्यांना पुरेशा नव्हत्याच. तिसऱ्या आठवड्यात खाज पार थांबली. त्या रात्री मावशी इस्त्रीवालीच्या शेजारच्या गादीवर पडल्या आणि सकाळी भोंगा वाजेपर्यंत त्यांनी कूसही बदलली नाही.