जनीचा नवरा

रत्नागिरीच्या मासळी बाजारात गुणवंतीपुढे गिऱ्हाईक दोन कारणांनी थांबत असे. एक, तिची मासळी ताजी असे. दुसरं, ती ऐकवी चांगलं. यातलं दुसरं कारण जास्त खरं. ताजी मासळी शेजारच्या सावित्रीकडेही मिळायची, पण सावित्री गोड बोलायची, आणि गोड बोलणं ऐकायला बाजारात कोण जातो?

याचं सगळं श्रेय हर्षे मास्तरांना. ते शाळेत चित्रकला शिकवत. गुणवंती अठरा-एकोणीस वर्षांची, आईशेजारी बसून नुकती धंदा शिकत होती, तेव्हा एका वकिलाने सगळी पापलेटं उलटीपालटी करून पाहिली. "मासा घ्याचाय का सून बगायला आलाव?" तिने विचारलं. मास्तर मागे उभे होते. त्यांनी इथल्या दैनिकात दर रविवारी चार चौकटींची चित्रमालिका सुरू केली, 'जनीची पाटी'. त्यातली कोळीण जनी म्हणजे गुणवंती, हे सांगायला ज्योतिषी लागत नव्हता.

पेपरातल्या चित्रांमधली माणसं सहसा म्हातारी होत नाहीत. पोरगं वीस वर्षं त्याच चड्डीत हिंडतं. मास्तरांना हे खपत नसे. गुणवंतीचं लग्न झालं त्याच हंगामात जनीचं झालं. गुणवंतीला संदेश झाला, जनीच्या मांडीवरही मुलगा आला. तो शाळेत गेला, नापास झाला, लोटे गावच्या कारखान्यात लागला. गुणवंतीच्या केसांतली पहिली पांढरी बट तिला आरशात दिसायच्या आधी रविवारच्या पेपरात दिसली. त्या दिवशी ती मास्तरांवर मनापासून चिडली होती.

नवरा तेवढा मास्तरांना मिळाला नाही. गुणवंतीचा शिवा तांडेल, म्हणजे बोटीचा म्होरक्या होता, नारळी पौर्णिमेपासून मेअखेरपर्यंत समुद्रावर, आणि घरी असला तरी बाजारात फिरकायचा नाही. जनीला नवरा तर हवा. मग मास्तरांनी मनाने एक केला आणि त्याचं नाव ठेवलं बाब्या. बाब्या प्यायचा. जेटीवरून पाण्यात पडायचा आणि बुडतानाही बाटली डोक्यावर धरायचा. लोकांचा तो फार लाडका. शिवा शिमग्यालाही थेंब घेत नसे. तो पेपर हातात घेऊन चारही चौकटी नीट बघायचा आणि म्हणायचा, "बरा हाय. मी नाय ना त्यात." एवढ्यावर तो खूश होता.

गुणवंतीचं मात्र नाव गेलं ते गेलंच. "जने, एक कडक बोल ना," म्हणत बँकेतले साहेब उभे राहायचे. घरी बायकोचा एक शब्द ज्यांना सोसत नाही, तेच इथे शिव्या खायला पिशवी घेऊन यायचे. आरे-वारेचा किनारा पाहून झाला की पाहुण्यांना गुणवंती दाखवायला आणायचे. तीही ऐकवायची. गिऱ्हाईक हसलं की मासळी जाते. डोकं दुखत असो, पोर आजारी असो, तोंडाचा पट्टा चालू ठेवावा लागे.

मग भाद्रपदात शिवाला कावीळ झाली आणि तो गेला.

दिवसकार्य झालं. संदेश कामावर परतला. घरात बसून चूल पेटत नाही, म्हणून थोड्या दिवसांनी गुणवंतीने मासळीची पाटी उचलली. वाडीत सगळ्यांना ठाऊक होतं. शहरातल्या गिऱ्हाइकांना कोण सांगणार?

"काय जने, बाब्या काय म्हणतोय?" पहिल्याच माणसाने विचारलं.

"घरातलं मानूस गेलं माजं," ती म्हणाली.

"कुठे, गुत्त्यावर?"

आजूबाजूचे हसले. तिने काही न बोलता मान खाली घालायची होती. पण इतक्या वर्षांची सवय. "तुज्या सासऱ्याला सोबत करायला," असं तिच्या तोंडून निघून गेलं, आणि हशा दुप्पट झाला. तिने सुरमईचे तुकडे केले, पिशवीत घातले. तिला स्वतःचीच शिसारी आली.

हळूहळू काहींना खरं कळलं. ते जास्त वाईट. "कशानं गेला?" ते विचारत, आणि कावीळ म्हटलं की मान हलवत. "प्यायचा ना." ती सांगायची, नव्हता पीत. ते आणखी कळवळून तिच्याकडे बघायचे. बिचारी अजून नवऱ्याची बाजू घेते म्हणून. आणि रविवारी पेपरात बाब्या पुन्हा झिंगत यायचा, पुन्हा बाजार हसायचा. जन्मभर पाण्याखेरीज काही न प्यालेला माणूस मेल्यावर दारुडा झाला आणि तिला रडायलाही जागा उरली नाही.

शेवटी ती मास्तरांच्या घरी गेली. मास्तर ओटीवर बसले होते. ते उठून उभे राहिले.

"अगो गुणवंती, तू इकडे कशी?"

"मास्तर, माजा नवरा वारला."

मास्तरांचा चेहरा उतरला. दर रविवारी ते तिला बाजारात बघत होते. तिच्या चष्म्याची तुटलेली काडी त्यांना दिसली होती, तिचं रिकामं कपाळ त्यांना दिसलं नव्हतं. "मला कोणी बोललंच नाही गो," ते म्हणाले.

"तुमचा बाब्या अजून पितो नि लोकं माज्याकडं बगून हसतात. त्याला मारा."

"मारू?"

"माज्या लग्नाला जनीचं लग्न केलंत. माला पोर झालं तवा तिला पोर दिलंत. मंग आता मागं का सरताव? तो मेला की माला गप बसता येल. येवडंच पायजे."

पेपरवाले काय म्हणतील, वाचक काय म्हणतील, हे मास्तरांच्या मनात आलं असणार, पण तिच्यासमोर ते बोलायची त्यांची छाती झाली नाही. "करतो," ते म्हणाले. "पण मग बाब्याला जाऊ दे. तुझा शिवा कसा होता ते सांग. निदान शेवटच्या चित्रात तरी त्याच्यासारखा काढतो."

गुणवंतीच्या ओठांवर आलं होतं. तिने ते गिळलं. तिचं तरुणपण मास्तरांनी घेतलं, लग्न घेतलं, पोर घेतलं, पांढरे केससुद्धा घेतले. शिवा तेवढा तिचा उरला होता. "तो नाय देयाची," ती म्हणाली, आणि पायऱ्या उतरली.

पुढच्या रविवारी बाब्या गेला. मास्तरांचा हात खरा कलावंताचा, काढलाही असा की दगड रडावा. खाटेवर बाब्या, उशाशी जनी. तिसऱ्या चौकटीत तो डोळे किलकिले करून म्हणतो, "जने, बांगडा जरा कडक भाज. मी आलोच." चौथ्या चौकटीत रिकामी खाट आणि चुलीवर बांगडा.

बाजार त्या दिवशी तिच्यापुढे लोटला. कोणी हसत नव्हतं. बँकेतल्या साहेबांनी हात जोडले. एका बाईने तिचे मासळीचे हात धरले आणि हुंदका दिला. गुणवंतीचे डोळे इतक्या दिवसांनी वाहायला लागले. तिला वाटलं, सुटले. आता मला शिवासाठी रडता येईल.

"फार हसवलंन गो त्यानं," ती बाई म्हणाली. "ती बाटली डोक्यावर धरलेली, आठवतंय ना?"

"आमच्या घरी सकाळी कोणी चहा घेतला नाही," साहेब म्हणाले.

गुणवंतीने डोळे पुसले आणि सगळ्यांकडे पाहिलं. ही माणसं बाब्याला रडत होती. शिवाचं यांना काही माहीत नव्हतं. माहीत असणार कसं? तो कसा होता ते तिने कोणाला सांगितलंच नव्हतं.

"शेवटी काय बोलला गो?" बाईने विचारलं.

शिवा इस्पितळात शेवटी बोलला होता. दोनच शब्द, पण तिच्यासाठी. ते तिने संदेशलाही सांगितले नव्हते. आता मात्र सांगावेत असं तिला वाटलं. निदान एकदा तरी या सगळ्यांना कळू दे, तो कोण होता ते. तिने तोंड उघडलं. समोर सगळे वाट बघत उभे होते, आणि त्यांना काय ऐकायचं आहे ते त्यांच्या तोंडांवर लिहिलेलं होतं. गिऱ्हाइकाचं तोंड वाचायला ती आईशेजारी बसून शिकली होती.

"बोल्ला, बांगडा जरा कडक भाज," ती म्हणाली. "मी आलोच."

बाईने डोळ्यांना पदर लावला आणि पदरातच हसली. मागच्यांना ऐकू गेलं नव्हतं, म्हणून गुणवंतीने ते पुन्हा सांगितलं, जरा मोठ्याने, बाब्याचा आवाज काढून. लोक रडत हसले. घोळक्याच्या कडेला हर्षे मास्तर पिशवी घेऊन उभे होते. स्वतःच लिहिलेलं वाक्य तिच्या तोंडून ऐकून त्यांनी तिची नजर टाळली आणि काही न घेता ते निघून गेले.

दुपारपर्यंत पाटी रिकामी झाली. गुणवंती एकटी वाडीच्या वाटेला लागली. आसपास कोणी नाही असं पाहून ती थांबली आणि शिवा बोलला होता ते दोन शब्द तिने स्वतःशी म्हणून पाहायचं ठरवलं. तोंडात आधी बांगडाच आला.