केसभर उतरलेला गंधार

मी एक जुनी पेटी आहे. हार्मोनियम म्हणा, बाजा म्हणा, नाहीतर सिंहली लोक म्हणतात तशी सर्पिना म्हणा. मी सगळ्या नावांना ओ देते. सध्या माझा मुक्काम लंडनजवळच्या पिनरमध्ये असतो. वय पंचावन्न, पण ते चेहऱ्यावर दिसत नाही असे मला वाटते.

मित्रांनो, माझा जन्म पुण्यातला. मुरलीधर नावाच्या कारागिराने मला घडवले. श्रीलंकेहून वर्षभर गाणे शिकायला आलेल्या गुणसिरी वेलगेदर या तरुणासाठी मी होते. मुरलीधरांनी त्याला तीन दिवस समोर बसवून गायला लावले आणि स्वतः लाकूड तासत ऐकत राहिले. त्याचा गंधार केसभर खाली लागायचा, आणि नेमका तिथेच गोड लागायचा. मुरलीधरांनी मुकाट्याने कानस घेतली आणि सुरांची पितळी पाती घासून माझे तिन्ही गंधार त्याच्या गळ्याइतके उतरवले. त्याला मात्र सांगितले नाही. गाणाऱ्याला त्याच्या गळ्याबद्दल फार सांगितले की तो गाणे सोडून गळाच तपासत बसतो, असे त्यांचे म्हणणे होते. आतल्या फळीवर त्यांनी पेन्सिलीने काहीतरी लिहिले आणि मला बंद केले.

कोलंबोत आमचे दिवस पालटले. रेडिओवर त्याचे पहिले गाणे वाजले आणि पठ्ठ्या बघता बघता घराघरांत पोचला. लग्नात, चहाच्या टपरीवर, बसमध्ये, जिथे जावे तिथे गुणसिरीच. बाकीचे वादक माझ्या सुरांशी वाद्ये जुळवून घेत. मी थोडी शेफारले होते, हे कबूल करते. भाता बदलायला आलेले कारागीर ती पेन्सिलीची अक्षरे पाहत आणि रेघोट्या समजून सोडून देत. तिथे मराठी कोणाला येणार?

बायको गेल्यावर गुणसिरी आपल्या लेकीकडे, दिल्हानीकडे, पिनरला आला. मला थंडी बाधेल म्हणून दिल्हानीने मायेने मला हॉलमधल्या रेडिएटरला टेकवून ठेवले. उबदार बेटावरची माणसे ती. ऊब कधी वाईट असते, हे त्यांच्या ध्यानीमनी कुठून येणार? गेल्या हिवाळ्यात माझे लाकूड सुकून तडकले, पट्ट्या अडकल्या आणि माझी वाचा गेली.

एप्रिलमध्ये सिंहली नववर्ष असते, अवुरुदु. हॅरोच्या हॉलमध्ये गुणसिरी गाणार होता. मी मुकी, म्हणून त्याने नव्या कीबोर्डवर तालीम केली. गंधार आला की तो अडखळे, पुन्हा घेई, पुन्हा अडखळे. चौथ्या दिवशी त्याने कीबोर्ड बंद केला. "माझा गळा गेला," तो लेकीला म्हणाला. "कार्यक्रम रद्द करायला सांग." त्यानंतर तो न्हाणीघरातसुद्धा गुणगुणेना. मला फार वाईट वाटले.

दिल्हानीने हार मानली नाही. तिच्या ओळखीचे अनुप स्टॅनमोरला राहतात; तिने मला त्यांच्याकडे नेले आणि वडिलांच्या गळ्याचेही सांगितले. आठवडाभर ब्रॅकनेलला कॉम्प्युटरचे काम आणि शनिवार-रविवार पेट्यांची दुरुस्ती, असा त्यांचा नेम. त्यांनी माझा तडा बुजवला, पट्ट्या मोकळ्या केल्या आणि मग फोनवरचे ट्यूनर लावले.

"बाकी सगळं परफेक्ट आहे," ते म्हणाले, "पण तिन्ही गंधार फ्लॅट दाखवतंय. करून टाकतो करेक्ट."

त्यांनी कानस उचलली. मित्रांनो, घासलेले पितळ पुन्हा भरून येत नाही. थांबा म्हणावेसे वाटले, पण बोलणार कशी?

त्यांची दहा वर्षांची अन्वी टॉर्च धरून उभी होती. लंडनमध्ये जन्मलेली ही मुलगी रविवारच्या मराठी वर्गाला कुरकुरत जाते. ती एकदम म्हणाली, "बाबा, वेट! आत मराठी लिहिलाय."

तिने एकेक अक्षर लावत वाचले, "गंधार... गायकाच्या गळ्यावर... उतरवला आहे. हात लावू नये. मुरलीधर."

अनुपनी कानस खाली ठेवली आणि तडक पिनरला फोन लावला.

"अंकल, तुमचा गळा गेलेला नाही. तो कीबोर्ड तुमच्यासाठी बनलेलाच नाही. ही पेटी बनलीये."

त्यांनी ती ओळ वाचून दाखवली. मग गुणसिरीने पंचावन्न वर्षांपूर्वीच्या मोडक्या पुणेरी मराठीत विचारले, "मुरलीधरने मला का नाही सांगितला?"

"तुम्ही गात राहावं म्हणून असेल," अनुप म्हणाले.

अवुरुदुच्या दिवशी हॉल गच्च भरला होता. शहात्तर वर्षांच्या माझ्या गुणसिरीने काळी एकचा सा धरला, डोळे मिटले आणि गंधारावर येऊन निवांत थांबला. मीही थांबले. आम्ही दोघे अगदी एका जागी होतो. पहिल्या रांगेत दिल्हानी पदर तोंडाशी धरून रडत होती.

म्हणून, मित्रांनो, जुन्या वाद्याला उन्हापासून ठेवता तितकेच रेडिएटरपासूनही लांब ठेवा. आणि त्याचा एखादा सूर तुमच्या यंत्राशी जुळला नाही, तर कानस उचलण्याआधी आत डोकावून पाहा. तो कोणाच्या तरी गळ्याचा असू शकतो.

माझ्या पोटात आता दोन ओळी आहेत. मुरलीधरांच्या ओळीखाली, मला बंद करण्याआधी, अन्वीने आपल्या वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिले आहे, "हात लावला नाही. अन्वी, स्टॅनमोर."