दुपारी दीडचा शोध

मुकुटबनच्या श्रावणचं लग्न जमत नव्हतं, आणि पोटासाठी तो विवाह मंडळाच्या जाहिराती लिहीत होता. नशिबाला थट्टा करायची हुक्की आली की ते असं करतं. छत्तीस वर्षांच्या या गड्यानं कळंबपासून बाभुळगावपर्यंत घरोघरचे पोहे खाऊन पाहिले होते. प्रश्न सगळीकडे एकच, मुलगा करतो काय? सहा एकर कपाशी म्हटलं की मुलीच्या आईचा चेहरा पडायचा. कॉम्प्युटरवरही काम करतो म्हटलं की वडील विचारायचे, ऑफिस कुठं? घरीच, असं उत्तर गेलं की चहा लवकर यायचा आणि विषय संपायचा.

काम मात्र खरं होतं. मंडळ नागपूरचं. लोक मोबाइलवर काही शोधतात, त्या शब्दांना जुळणारी जाहिरात वर दिसते, आणि तिच्यावर कोणी बोट ठेवलं, म्हणजे क्लिक केलं, की मंडळाला पैसे मोजावे लागतात. शोधणाऱ्याचे शब्द आणि जाहिरातीचे शब्द जितके जुळतील तितके जास्त गुण, दहापैकी. गुण चांगले तर जाहिरात स्वस्तात वर. श्रावणचा हात या जुळवणीत बसलेला होता. स्वतःचं जुळेना, शब्दांचं मात्र तो कुठेही जुळवून द्यायचा.

एका सकाळी मंडळाच्या मोनाली मॅडमचा फोन आला. "श्रावणभाऊ, तुमच्या झरी-जामणी तालुक्याचे गुण पाहिले का? तीन! तो 'शेती' शब्दच बाद करून टाका ना. शेतकऱ्याला दाखवायला आपल्याकडे एकही मुलगी नाही. वाया जाणारे क्लिक कशाला?"

शब्द बाद केला की तो लिहिणाऱ्याला जाहिरात दिसतच नाही. दोन मिनिटांचं काम. पण त्याआधी श्रावणनं सवयीनं, लोकांनी नेमकं काय शोधलं त्याची यादी उघडली. त्याच्याच तालुक्यातून एक ओळ होती: 'शेतीवाल्या पोराले पोरगी पाहिजे'. गेले बारा दिवस, रोज, दुपारी दीडच्या सुमारास.

श्रावण त्या ओळीकडे बघत राहिला. म्हणजे कोणीतरी होता. जेवून, ताट बाजूला सारून, मोबाइलला रोज हेच विचारणारा. गावातले त्याच्या वयाचे सगळे संसाराला लागले होते. पारावर टेकावं तर गप्पा पोरांच्या शाळेच्या आणि सासुरवाडीच्या, त्यात हा काय बोलणार? हळूहळू त्यानं पारावर जाणंच सोडलं होतं, आणि तो येत नाही हे कोणाच्या ध्यानातही आलं नव्हतं. आता एक सोबती सापडला होता, नाव माहीत नसलेला. त्याला बाद करायला श्रावणचा हात धजेना.

"मॅडम, आठ दिवस द्या मले," तो म्हणाला. "गुण वाढवून दाखवतो."

मग त्यानं त्या एका माणसासाठी जाहिरात लिहिली, त्याच्याच शब्दांत: 'शेतीवाल्या पोराले पोरगी पाहिजे? आमच्याकडे आहेत. शेतकरी नवराच हवा म्हणणाऱ्या मुली.' हे धादांत खोटं होतं आणि श्रावणला ते पक्कं ठाऊक होतं. पण या धंद्यात समोरच्याचं बोलणं त्यालाच परत ऐकवायचं असतं, अशी त्यानं मनाची समजूत घातली. पाचव्या दिवशी तिनाचे नऊ झाले. मॅडम खूश.

दीड वाजला की तो शेतात असला तरी मोबाइल काढून बघायचा. क्लिक पडलेला दिसला की म्हणायचा, आला बाबा. एकदा दोन वाजेपर्यंत क्लिक पडला नाही, तर याच्या घशाखाली भाकर उतरेना. हसावं असंच आहे हे. पण महिनोन्‌महिने ज्याची कोणी वाट बघत नाही, त्याला निदान कोणाची वाट बघायला मिळाली तरी बरं वाटतं.

बुधवारी कापूस वेचायला बाया आल्याच नाहीत, म्हणून तो भरदुपारी घरी परतला. दारात चपला काढतो तोच आतून मायचा आवाज आला. कांताबाई स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसली होती. त्यानंच दिलेला जुना मोबाइल तिनं तोंडाजवळ धरला होता आणि बहिऱ्याशी बोलावं तसा एकेक शब्द सुटा करून ती त्याला सांगत होती, "शेतीवाल्या... पोराले... पोरगी... पाहिजे."

इतक्या दिवसांचा सोबती एका क्षणात नाहीसा झाला. सबंध तालुक्यात आपल्यासारखा दुसरा कोणी मोबाइलला असं विचारत नव्हता. ज्याच्यासाठी विचारणं चाललं होतं तो आपणच, आणि विचारणारी ही.

त्याला पाहून ती आधी ओशाळली. मग मोबाइलच पुढं करत म्हणाली, "पाय बाबू, वाच. आंधी असं येत नोतं, आता रोज येते. तिथं पोरी हायेत म्हन्ते! शेतकरीच नवरा पाहिजे म्हन्तेत त्या. म्या फोन लावला तं ऐतवारी या म्हने, पोराचा फोटो घेऊन. जाऊ नं आपन नागपूरले?"

अक्षरन्‌अक्षर त्याचं होतं. रविवारी ही ठेवणीतलं पातळ नेसणार, नागपूरला मंडळाच्या खुर्चीवर बसणार, आणि कोणीतरी गोड बोलून हिला परत पाठवणार. ते काही त्याला सोसवलं नसतं. तो तिच्याशेजारी खाली बसला.

"माय," तो म्हणाला, "हे म्याच लिवलं हाय. माह्या हातानं."

कांताबाईच्या तोंडभर हसू आलं. वडील गेल्यापासून त्यानं ते पाहिलं नव्हतं.

"तू लिवलं?" ती म्हणाली. "मंग तं खरंच असन."

ते खोटं आहे असं तो सांगणार, तोच कांताबाई गुडघ्यावर हात ठेवून उठली आणि कपाट उघडून त्याचा कोटातला फोटो शोधू लागली.