मोठ्या पडद्यावरची बावखलं

मित्रांनो, हंसाबाय गेल्याचं वाचनालयात कळलं, तेव्हा माझ्यावर निर्मळ गावाचा अर्धा नकाशा उघडा होता. वाचनालय सांभाळणाऱ्या आल्बिना टीचर उठल्या आणि त्यांनी मला बंद केलं. त्यानंतर पुष्कळ दिवस मला कुणी लावलं नाही.

मी एक जुना, मोठ्या काचेचा टीव्ही आहे. कारखान्यातून वसईच्या दुकानात आणि तिथून गावच्या मंडळात आलो. क्रिकेटच्या दिवसांत माझं फार कौतुक झालं. मग घरोघरी टीव्ही आले आणि माझ्यावर चादर पडली. २००४ साली टीचरांनी मला वाचनालयात आणून चार संगणकांना जोडलं. गावातली बावखलं, म्हणजे वाड्यांमधली गोड्या पाण्याची तळी, बुजवली जात होती. ग्रामसभेपुढे त्यांचा नकाशा ठेवायचा होता. नकाशात जे नसेल ते मोकळी जमीन ठरणार होतं.

कामाची रीत केळीची वाडी करणाऱ्या हंसाबायने घालून दिली. "आपापलं बावखल आपापल्या पडद्यावर काढा," ती नकाशा काढायला आलेल्या वाडीवाल्यांना सांगायची, "भांडायला मोठ्यापुढं या."

संगणकाच्या छोट्या पडद्यापुढे माणूस निवांत काम करतो. त्याला मधे कुणी टोकत नाही. पण सगळ्यांचं माझ्यावर एकत्र आलं की एकाचं बावखल दुसऱ्याच्या वाडीत घुसायचं. शेजारच्या वाडीतल्या शत्रुघ्नचं तर एवढं मोठं, की त्यात आगबोट चालेल असं हंसाबाय म्हणायची. बावखलं एकमेकांत का घुसतात, हे मात्र कुणाला उमगत नव्हतं.

सुतक फिटल्यावर टीचरांनी तिच्या यजमानांना, श्रीपतदादांना, बोलावलं. हंसाबायचं काम तिच्या संगणकावरून माझ्यावर घेतलं. तिचं बावखल सगळ्यांत लहान निघालं.

"दादा, वहिनीनं हात आखडता घेतलाय," शत्रुघ्न म्हणाला. "जरा वाढवा की."

श्रीपतदादा माझ्याकडे बघत राहिले. "हे मे महिन्यातलं पानी," ते म्हणाले. "खरं पानी तेवढंच, असं ती धरायची. दर उन्हाळ्यात मला काठावर नेऊन दाखवायची. तुम्ही सगळ्यांनी श्रावणातलं काढलंय."

शत्रुघ्न आधी उठला, आपल्या संगणकाशी जाऊन बसला आणि आपलं बावखल त्याने पुसलं. मागोमाग बाकीचे गेले. संध्याकाळी माझ्यावर सगळी बावखलं लहान आणि सुटी सुटी दिसली.

श्रीपतदादा हंसाबायच्या खुर्चीत बसले होते. तिच्या केळीच्या वाडीमागे आणखी एक बावखल आहे. टीचरांनी ते काढायला सांगितलं. दादांनी माऊसवर हात ठेवला आणि काढून घेतला.

"हे तिनं मला दाखवलं नव्हतं," ते म्हणाले. "मेमध्ये बघून येतो."

मित्रांनो, आम्हा पडद्यांना जपा म्हणजे नुसती धूळ पुसा असं नाही. एकट्याने केलेलं चौघांपुढे मांडा, आणि चौघांत ठरलेलं आपल्या जागेवर परत जाऊन पुरं करा.

ग्रामसभा जूनमध्ये आहे. केळीच्या वाडीमागचं बावखल अजून काढायचं राहिलं आहे.