बुडालेली शर्यत

चष्म्यांचं दुकान चालवणाऱ्या चष्मेवाल्यांना सुट्टीच्या दिवशी स्वच्छतेचा झटका आला की घरातल्या वस्तूही जीव मुठीत धरून बसत. त्या रविवारी त्यांनी व्हॅक्यूम क्लीनर काढला, टीव्हीमागे हात घातला, लागेल तो प्लग उपटला आणि आपला तिथे खुपसला. उपटलेला प्लग रेकॉर्डरचा होता, आणि रेकॉर्डर बिचारा तेव्हा काहीतरी रेकॉर्ड करत होता.

गालिचा लख्ख झाला. रेकॉर्डर पुन्हा सुरू केल्यावर मात्र पडद्यावर पाटी आली: ‘डिस्क वाचता येत नाही. फॉरमॅट करायची का?’

“एवढं विचारतोय तर करून टाकू,” म्हणत चष्मेवाल्यांनी रिमोट उचलला.

“अहो, त्या बटणाला हात लावाल तर खबरदार!” त्यांची बायको ओल्या हातांनी स्वयंपाकघरातून धावत आली. “फॉरमॅट म्हणजे सगळं साफ! माझी शर्यत आहे त्यात!”

बायको मुलींना पोहायला शिकवायची. सगळे तिला कोचबाई म्हणत. आधी पाण्याला भिणारी तिची एक विद्यार्थिनी गेल्या वर्षी मोठ्या स्पर्धेत मागून येऊन पहिली आली होती आणि ती शर्यत टीव्हीवर दाखवली होती. आनंदाच्या भरात कोचबाईंनी कपड्यांनिशी, बुटांनिशी, गळ्यातल्या शिट्टीसकट तलावात उडी ठोकली होती, तीही दिसली होती. आता ती मुलगी पुढच्या सरावासाठी दुसऱ्या शहरात निघाली होती. शनिवारी क्लबमध्ये तिचा निरोप समारंभ होता आणि तिथल्या भिंतीवर ही शर्यत दाखवायचं कोचबाईंनी कबूल केलं होतं.

त्यांनी धाकट्या भावाला फोन लावला. तो दुकानांमध्ये कॅमेरे बसवायचा, त्यामुळे बिघडलेल्या डिस्क त्याच्या रोजच्या ओळखीच्या. आल्या आल्या त्याने खाली गालिच्याकडे पाहिलं.

“साफसफाई झकास केलीत हं दाजी. डिस्कसुद्धा सोडली नाहीत.”

दाजींनी तोवर चष्म्याच्या काड्या बसवायचा बारीक स्क्रूड्रायव्हर आणून रेकॉर्डरचं झाकण उघडलं होतं. “उघडलं. आता मी काय करू?”

“आता तिकडे लांब बसा.”

मेव्हण्याने डिस्क काढून आपल्या लॅपटॉपला जोडली. “मुळाला धक्का लावायचा नाही. आधी जशीच्या तशी नक्कल घ्यायची, मग काय प्रयोग करायचे ते नकलेवर.”

नक्कल मुंगीच्या पावलांनी पुढे सरकत होती. चष्मेवाले दर थोड्या वेळाने येऊन “झालं?” विचारत, आणि कोचबाई त्यांना काही ना काही आणायला बाहेर पिटाळत. त्या दुपारी घरात गरजेपेक्षा बरीच जास्त बिस्किटं आली.

“गाभा शाबूत आहे,” शेवटी मेव्हणा म्हणाला. “फक्त अनुक्रमणिका फाटलीय. कुठलं रेकॉर्डिंग कुठे ठेवलंय हेच मशीन विसरलंय. मी सगळी डिस्क चाळून फायली बाहेर काढतो. पण त्यांना नाव नसेल, नुसते आकडे. उघडून बघूनच ओळखाव्या लागतील.”

तिघे ओळख परेडला बसले. एक अर्धवट हवामानाचा अंदाज निघाला. मग हत्तींचा कळप. मग एका मालिकेतली नायिका, हमसून हमसून रडणारी. पुढच्या फाईलमध्येही तीच, त्याच्या पुढच्यातही.

“हे कोण बघतं या घरात?” कोचबाईंनी विचारलं.

चष्मेवाले बिस्किटांचा पुडा फोडण्यात गुंतले.

“पुसू का मग?” मेव्हण्याने हात उचलला.

“थांब रे!” चष्मेवाले ओरडले. “पुढच्या भागात तिला खरं कळतं.”

त्यानंतरच्या फाईलमध्ये ‘डोळ्यांची निगा’ या विषयावर चर्चा चालली होती. डॉक्टर सांगत होते, “डोळे ही जगाची खिडकी आहे.” कॅमेरा प्रेक्षकांकडे वळला. पहिल्या रांगेत, खास निमंत्रितांच्या खुर्चीवर, चष्मेवाले गाढ झोपले होते.

“हे तर रेकॉर्डच झालं नव्हतं ना?” कोचबाई सावकाश म्हणाल्या. “मशीनने ऐनवेळी दगा दिला म्हणून सांगितलं होतंत मला.”

“पुसलं होतं मी!” चष्मेवाल्यांच्या तोंडून निसटलं. “ते कसं आलं परत?”

“पुसलं म्हणजे गेलं असं नसतं दाजी. मशीन वरची पाटी काढतं, माल गोदामात तसाच असतो. त्या जागी दुसरं काही भरेपर्यंत.”

“मी झोपलो नव्हतो. विचार करत होतो.”

“तोंड उघडं टाकून?” बायकोने विचारलं आणि भावा-बहिणीची हसून हसून पुरेवाट झाली.

मग शर्यत सापडली. ती दोन तुकड्यांत होती. मेव्हण्याने तुकडे जोडले. मधेच चित्राचे चौकोन व्हायचे, आवाज गुदमरायचा. पण मुलगी मागून आली, भिंतीला हात लावला आणि कोचबाई धपकन पाण्यात पडल्या. इथे पोहोचल्यावर कोचबाई दर वेळी लाजून रिमोट दाबायच्या, त्यामुळे पुढचं त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. आज रिमोट हातात नव्हता. कॅमेरा प्रेक्षकांवरून फिरला. तिथे एक गृहस्थ खुर्चीवर उभे राहून टॉवेल फिरवत बेंबीच्या देठापासून ओरडत होते.

कोचबाई बघतच राहिल्या. ‘माझ्या आयुष्यातला एवढा मोठा क्षण आणि तुम्ही नेमके चहा आणायला गेलात,’ हे त्यांनी नवऱ्याला वर्षभर ऐकवलं होतं.

“होतात की तुम्ही,” त्या हळूच म्हणाल्या.

“कधीचा सांगतोय. परत आलो होतो मी.”

“ऐकायला हवं होतं मी.” मग त्या पडद्याकडे झुकल्या. “अहो, पण तो टॉवेल माझा आहे! मी बाहेर येऊन कुडकुडत शोधत होते!”

“तो मागच्या रांगेत उडाला,” चष्मेवाले म्हणाले. “तेवढंच सांगायचं राहिलं.”

शनिवारी क्लबमध्ये दिवे मालवले, तेव्हा चष्मेवाल्यांच्या कपाळावर घाम होता. पेन ड्राइव्हमध्ये दोन फायली होत्या, एक शर्यतीची आणि एक त्यांच्या झोपेची, दोन्हींना नुसते आकडे, आणि बायकोच्या चेहऱ्यावरून काही म्हणजे काही कळत नव्हतं. भिंतीवर निळं पाणी दिसलं आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. मुलींनी आरडाओरडा करून छप्पर डोक्यावर घेतलं. चौकोन आले तेव्हा तर जास्तच.

“बाई, ते खुर्चीवर चढलेले कोण?” कोणीतरी विचारलं.

“ते होय? आमच्याच घरचे. पाण्याला भितात, म्हणून उंचावर चढले.”

हशा पिकला. जिच्यासाठी समारंभ होता ती मुलगी हसत हसत चष्मेवाल्यांजवळ आली.

“काका, पुढच्या शर्यतीला तिकडे याल? आई-बाबांना नाही जमणार. कोणीतरी एवढं ओरडणारं हवं.”

चष्मेवाल्यांनी बायकोकडे पाहिलं. तिने होकाराची मान हलवली.

“येतो की,” ते म्हणाले. “कधी आहे?”

तोवर मुलींनी शर्यत पहिल्यापासून पुन्हा लावायला लावली होती.