मुठीत मावणारी टॉर्च

“साहेब, खाली टाकून बघू का?” संघप्रियानं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता नवीकोरी प्लास्टिकची टॉर्च सिमेंटवर सोडली. काच निसटली, सेल गडगडत गेले. मग तिनं स्वतःची टॉर्च टाकली, मुठीत मावणारी, धातूची. नुसता पोचा पडला, दिवा चालूच.

उरणजवळच्या कंटेनर गोदामात ती एका एजन्सीमार्फत सुरक्षारक्षक होती. माल भरण्याआधी रिकाम्या कंटेनरमध्ये शिरून तपासायचं काम तिथल्या बायकांकडे होतं. आत भर दुपारीही अंधार. मागच्या आठवड्यात एजन्सीची टॉर्च मधेच विझली आणि तिच्यासोबतच्या सगुणाचा पाय कंटेनरच्या तळाच्या कुजक्या फळीतून खाली गेला. हाड मोडलं.

“सगुणाचंच लक्ष नव्हतं,” एजन्सीचे श्यामसुंदर साहेब म्हणाले. “टॉर्चला कशाला दोष देतेस?”

“मग चला आत. तुमचीच टॉर्च घ्या.”

पेटीतली दुसरी टॉर्च घेऊन ते आत शिरले. उजेड मध्यापर्यंतही पोचेना. संघप्रियानं मागून आपली लावली. पार पलीकडचा पत्रा लखलखला, आणि साहेबांच्या बुटापुढची फुटकी फळीही दिसली. ते जागच्या जागी थांबले.

बाहेर आल्यावर म्हणाले, “ठीक आहे, तू तुझी वापर. विषय संपव.”

“मी वापरीन. बाकीच्यांचं काय? सगळ्यांना अशी मिळेपर्यंत आमी कुणी आत जाणार नाय.”

“नोकरी जाईल.”

“जाऊ दे. पाय जाण्यापेक्षा बरं.”

मागं उभ्या उज्वलानं आपली टॉर्च पेटीत टाकली. मग मालतीबाईंनी. मग सगळ्यांनीच. गेटवर ट्रेलर खोळंबले, हॉर्न वाजत राहिले. एकही बाई हलली नाही.

संध्याकाळी साहेबांनी होकार दिला. पुढच्याच आठवड्यात धातूच्या टॉर्च आल्या, आणि संघप्रियाची बदली लांब नावड्याला झाली.

प्लास्टर निघाल्यावर ती सगुणाला भेटायला गेली.

“माज्यामुलं तुजी बदली झाली ना गो?”

“तुझ्यामुळं नाय. मी तोंड उघडलं म्हणून. परत उघडीन.”

“साहेब अजून बोलतंय, माजाच लक्ष नवता.” सगुणा खाटेवरून उठली. “मी सोमवारी कामाला जानार हाय. टॉर्चच विझली व्हती, असा त्याच्या तोंडावर सांगनार.”

ती डगमगली. संघप्रियानं झटकन दंड धरला.

“सोड.”

संघप्रियानं हात काढला. सगुणा भिंतीला न टेकता, लंगडत, दारापर्यंत गेली.